पिकअपचा टर्बो कधी चालतो, कधी नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिकामी गाडी तुफान पळते. माल भरून तुळजापूरच्या घाटाला लागली की दम टाकते. कडेला लावून चावी बंद-चालू केली की पुन्हा ठणठणीत, जणू काही झालंच नव्हतं. सोलापुरात डिझेल पिकअपवर पोट असणाऱ्याला हे दुखणं नवीन नाही. गॅरेजात आलेल्या माणसाचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं: "टर्बो गेलाय म्हणतात." कोण म्हणतं विचारलं तर "सगळेच." त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देता यावं म्हणून हे लिहून ठेवलंय.

येतो-जातो असा टर्बो खराब असू शकतो का?

क्वचित. टर्बोच्या पोटात एक दांडा असतो. त्याच्या एका टोकाला सायलेन्सरकडच्या गरम धुरावर फिरणारं चाक आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक. पिकअपच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या वेगात बेअरिंग घासलं किंवा पातं तुटलं तर ते उद्या सकाळी आपोआप जुळून येत नाही. खरोखर मेलेला टर्बो रोज मेलेलाच राहतो: धूर काढतो, ऑइल पितो, किंचाळतो.

म्हणजे दुखणं येऊन-जाऊन असेल तर संशय टर्बोवर कमी आणि टर्बोला हुकूम देणाऱ्या, त्याची हवा वाहून नेणाऱ्या सामानावर जास्त घ्यायचा. रबरी पाईप, क्लिपा, व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड (विजेवर उघड-मिट होणारी बारीक झडप), सेन्सर, वायरिंगचे कपलर. यांना गरम-थंड, ओलं-कोरडं, भरलेलं-रिकामं असा फरक पडतो. एकच अपवाद आहे, व्हीजीटी म्हणजे हलत्या पट्ट्यांच्या टर्बोत त्या पट्ट्या अडकण्याचा. तो पुढे येईल.

गाडी अचानक मेल्यासारखी होते, पण चावी फिरवली की नीट. ही काय भानगड?

याला लिंप मोड म्हणतात. इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, सारखा हिशेब करत असतो की मी एवढा दाब मागितला आणि मिळाला किती. काही सेकंद हिशेब जुळला नाही की तो घाबरतो आणि इंजिन वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो. मग पाय पूर्ण दाबला तरी बऱ्याच गाड्या अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जात नाहीत. चावी बंद करून पुन्हा लावली की तो नव्याने विश्वास ठेवतो, पुढच्या चुकीपर्यंत.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरची इंजिनची लाइट गेली तरी दोषाचा कोड, म्हणजे स्कॅनरवर वाचता येणारा नंबर, बहुतेक वेळा ईसीयूत साठलेला असतो. म्हणून गॅरेजात यायच्या आधी बॅटरीची तार काढून "रिसेट" करू नका. तुम्ही पुरावा पुसून आणता आणि मग मला विचारता चोर कोण.

स्कॅनर नाही. घरच्या घरी काय बघू?

बॉनेट उघडा, इंजिन बंद आणि थंड असू द्या. एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बो, टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी), इंटरकूलरपासून इंजिन असा हवेचा रस्ता हाताने चाचपत जा. नुसतं वरून बघू नका. पाईपच्या पोटाखाली बोट फिरवा, वाकणाच्या आतल्या बाजूला दाबून बघा, प्रत्येक क्लिप हलवून बघा. बाहेरून काळपट तेलकट धूळ एका जागी जास्त चिकटलेली दिसली तर तिथून हवा सुटतेय असं समजा. हवेबरोबर ऑइलची वाफ बाहेर येते आणि धूळ तिला धरून बसते.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी सांगोल्याकडून डाळिंब भरून येणारी एक पिकअप माझ्याकडे आली. लोड घेतला की बसायची. मी दांडा हलवून बघितला, थोडा खेळ वाटला, आणि टर्बोची कोअर, म्हणजे दांडा-बेअरिंगचा मधला भाग, बदलून टाकली. चौथ्या दिवशी फोन आला. "मिस्त्री, परत तेच की ओ." गाडी पुन्हा आणवली. इंटरकूलरहून इंजिनकडे येणारा पाईप सोडून हातात घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी क्लिपच्या जवळ वाकवला. क्लिपच्या कडेला, खालच्या बाजूने, पेरभर चीर कैरीची फोड उघडावी तशी उघडली. सोडलं की बंद. थंड इंजिनवर ती दिसतच नव्हती. गरम होऊन आत दाब आला की तोंड उघडत होती. पाईप काही शे रुपयांचा. कोअरचे पैसे गाडीवाल्या मामांना परत दिले, आणि तेव्हापासून पाईप वाकवून बघितल्याशिवाय मी टर्बोला पाना लावत नाही.

पाईप बाहेरून चांगला दिसतोय, तरी गळतोय का हे कसं ओळखायचं?

हवा भरून. एअर फिल्टरकडचा पाईप टर्बोपासून सोडायचा, टर्बोच्या तोंडावर बसेल असं झाकण लावायचं आणि त्यातून कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटर लावून सोडायची. दाब एक बारपर्यंत, त्याहून जास्त नाही. थेट टायरवाल्याच्या हवेची नळी लावणारे महाभाग मी पाहिलेत. त्यात झाकण गोळीसारखं सुटतं. झाकणासमोर तोंड नेऊ नका.

मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. कपडे धुण्याची पावडर चालते, पण भांड्यांचा लिक्विड साबण जास्त चिकट फेस देतो. फुगे कुठे येतात बघायचं. मोठी गळती कानालाच ऐकू येते; बारीक गळती फक्त फेस सांगतो. इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या बाजूच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या शिवणीवर विशेष लक्ष ठेवा, तिथले फुगे मुंगीएवढे असतात. थोडी हवा इंजिनच्या व्हॉल्व्हमधून जाणारच, त्यामुळे काटा हळूहळू उतरला म्हणून घाबरू नका.

पाईपमध्ये ऑइल दिसतंय. म्हणजे टर्बो गेला ना?

नाही. इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ हवेच्या रस्त्यात येते, त्यामुळे आतून तेलकट असणं हे नेहमीचंच. पाईप उलटा केल्यावर अर्धा कप ऑइल सांडलं तर मात्र शोध घ्यायला हवा. तेव्हाही आधी ब्रीदर तुंबलाय का, ऑइल डिपस्टिकच्या खुणेच्या वर भरलंय का आणि टर्बोखालचा ऑइल परतीचा पाईप मोकळा आहे का, हे बघायचं. टर्बोचं ऑइल खाली केवळ उताराने परत जातं. त्याची वाट अडली की चांगल्या टर्बोतूनही ऑइल झिरपतं.

माझा टर्बो साधा की व्हीजीटी? फरक काय पडतो?

साध्या टर्बोत एक वेस्टगेट असतो, म्हणजे दाब जास्त झाला की धूर बाजूने सोडून देणारी झडप. तिला हलवणारा डबा बहुतेक वेळा टर्बोच्याच दाबावर चालतो. व्हीजीटीत धुराच्या चाकाभोवती बारीक पट्ट्यांचं कडं असतं. पट्ट्या मिटल्या की कमी आरपीएमलाही धूर जोरात आदळतो, उघडल्या की मोकळा जातो. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी लांब उडतं, तसंच.

व्हीजीटीच्या पट्ट्या हलवणारा डबा व्हॅक्यूमवर किंवा इलेक्ट्रिक मोटरवर चालतो. डब्याला बारीक रबरी नळी असेल आणि ती सोलेनॉइडमार्गे व्हॅक्यूम पंपाकडे जात असेल तर व्हॅक्यूमवाला. चार-पाच तारांचा कपलर असलेला प्लास्टिकचा डबा असेल तर इलेक्ट्रिक. येऊन-जाऊन दुखण्याच्या बाबतीत व्हॅक्यूमवाला जास्त खोडकर, पण तपासायला स्वस्त.

व्हॅक्यूम कसा तपासायचा?

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा स्वतःचा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून वेगळा पंप असतो. पुष्कळ पिकअपमध्ये तो ऑल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. तोच पंप ब्रेकच्या बूस्टरलाही व्हॅक्यूम देतो. म्हणून मी गाडीवाल्याला पहिला प्रश्न ब्रेकचा विचारतो. ब्रेक पॅडल कडक लागतंय आणि ओढही कमी झालीय, असं दोन्ही असेल तर टर्बोपर्यंत जायची गरजच नाही, पंप किंवा त्याची मुख्य नळी धरा.

पंपावर गेज लावला की सोलापुरात पाऱ्याचे २४ इंच तरी दिसावेत. पुस्तकात २७-२८ लिहिलं असेल तर ते समुद्रकाठचं गणित. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथली हवाच मुळात २८ इंचांच्या थोडी वर, मग पंप बिचारा कुठून काढणार?

नंतर हातपंप. टर्बोच्या डब्याची नळी काढून हातपंप जोडायचा. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने डब्यातून पट्ट्यांकडे जाणाऱ्या दांडीवर बॅटरीचा उजेड धरायचा. पाच-सहा इंचांवर दांडी हलायला लागते आणि अठरा इंचांच्या आसपास शेवटपर्यंत जाते. आता हात थांबवा आणि काटा बघत बसा. मिनिटभर काटा जागचा हलला नाही तर डब्यातला पडदा चांगला. काटा हळूहळू ओघळायला लागला तर पडदा फाटलाय. दांडी गचके देत सरकली, मध्येच अडली आणि मग टपकन पुढे गेली तर आत पट्ट्या काजळीने जाम होताहेत. हाच तो अपवाद, आणि हा दोष खरंच येऊन-जाऊन असतो. ही तपासणी इंजिन गरम असताना पुन्हा करा. थंडीत सुटणाऱ्या पट्ट्या गरम झाल्यावर अडकतात.

नळ्यांच्या बाबतीत एक सोलापुरी उपद्रव सांगायलाच हवा: उंदीर. धान्याच्या, पेंडीच्या गोडाऊनजवळ रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या व्हॅक्यूम नळ्या आणि तारा कुरतडलेल्या सापडतात. बाहेरून दाताची बारीक खूण, आतून आरपार भोक. सोलेनॉइडच्या श्वासाच्या तोंडाला छोटी फिल्टर-टोपी असते, तीही बघा. काळ्या मातीची धूळ बसून ती बंद झाली की व्हॅक्यूम सुटायला जागा राहत नाही आणि दाब नको तेव्हा वाढतो.

सोलेनॉइड गरम झाल्यावरच बंद पडतो, असं होतं का?

होतं, आणि फार छळतं. कॉइलची तार आतून तुटलेली असते, थंडीत टोकं टेकतात, गरमीत सुटतात. मल्टिमीटरवर बहुतेक सोलेनॉइड १० ते २० ओहमच्या मध्ये दिसतो. थंड असताना मोजा, मग हेअर ड्रायरने तापवत मीटरकडे लक्ष ठेवा. आकडा एकदम उडाला की सापडला. बायकोचा ड्रायर आणलात तर परत देताना पुसून द्या, एवढाच अनुभवाचा सल्ला.

स्कॅनरवर पी०२९९ आला. आता तरी टर्बो बदलू?

अजूनही नाही. पी०२९९ म्हणजे मागितलेल्यापेक्षा दाब कमी मिळाला. कोणामुळे, ते तो कोड सांगत नाही. पाईप फाटला तरी हाच, व्हॅक्यूम गळला तरी हाच, एअर फिल्टर तुंबला तरी हाच. याच्या उलट पी०२३४, म्हणजे दाब जास्त झाला. त्यात पट्ट्या मिटलेल्या अवस्थेत अडकणं, वेस्टगेट जाम होणं किंवा सोलेनॉइड न सुटणं हे मुख्य संशयित. पी०२३६ ते पी०२३८ आले तर बोट दाबाच्या सेन्सरकडे आणि त्याच्या तारांकडे जातं. पी००४५ हा दाब नियंत्रणाच्या विजेच्या सर्किटचा. आणि पी००८७ दिसला तर तुम्ही चुकीच्या घरात शिरलाय: तो डिझेलच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब कमी असल्याचा कोड आहे.

कोडबरोबर फ्रीझ फ्रेम बघायला विसरू नका. दोष आला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, हे सगळं ईसीयू टिपून ठेवतो. निम्मे मेकॅनिक कोड वाचतात आणि पुसतात. फ्रीझ फ्रेम उघडतच नाहीत. हे मला कधी कळलेलं नाही.

लाइव्ह डेटात नेमकं काय बघायचं?

आधी इंजिन न लावता, फक्त चावी ऑन करून स्कॅनरवर बूस्ट सेन्सर, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, काय दाखवतो ते बघा. टर्बो थांबलेला असताना सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवणार. सोलापुरात तो ९५-९६ केपीएच्या आसपास यायला हवा. मुंबईत शिकलेला एक पोरगा माझ्याकडे कामाला होता. १०१ दिसत नाही म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात चांगला सेन्सर काढून ठेवला होता. इंजिन बंद असताना ८५ किंवा ११० दिसलं तर मात्र सेन्सर खोटं बोलतोय.

मग गाडी भरून रस्त्यावर. रिकाम्या गाडीवर हा दोष येत नाही, म्हणून रिकाम्या गाडीची ट्रायल म्हणजे डिझेल जाळणं. मी तुळजापूर रोडला जातो. तामलवाडी मागे टाकून चढ लागला की चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पाय पूर्ण दाबायला सांगतो. स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या मांडीवर, ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर. चार गोष्टी एकाच वेळी रेकॉर्ड करायच्या: मागितलेला दाब, मिळालेला दाब, सोलेनॉइडची टक्केवारी आणि रेलचा दाब.

आता वाचायचं कसं? मागणी वर गेली, सोलेनॉइडने पूर्ण जोर लावला, तरी दाब मागे राहिला: गळती, व्हॅक्यूम किंवा उघड्या राहिलेल्या पट्ट्या. दाब मागणीच्या वर उडी मारून गेला आणि मग ईसीयूने गळा दाबला: पट्ट्या किंवा वेस्टगेट अडकतोय. दोन्ही रेषा छान जुळल्या पण रेलचा दाब कोसळला: डिझेल फिल्टर, पाणी, पंप. दाबाची रेषा एका क्षणात शून्याकडे किंवा आकाशाला गेली आणि लगेच परतली: खरी हवा इतकी चपळ नसते, ती तार हलतेय. कपलर धरून हलवा, इंजिन चालू ठेवून हार्नेस (तारांचा जुडगा) वाकवा, रेषा नाचली की झालं.

उन्हाळ्यातच जास्त का होतं?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो. २० अंशांच्या हवेपेक्षा ती हवा साधारण ७ टक्के विरळ, म्हणजे तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त पळावं लागतं. दाबलेली हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा दीडशे अंशांच्या घरात असू शकते. रबर मऊ पडतं, चिरा उघडतात, क्लिपा सैल होतात. त्यात इंटरकूलर तुंबलेला असला की ईसीयू स्वतःच डिझेल कमी करतो, तो दोष नव्हे, शहाणपण आहे.

इंटरकूलर कशाने तुंबतो हे गाडी कुठे उभी राहते त्यावरून मला सांगता येतं. मार्केट यार्डातल्या गाडीच्या जाळीत कांद्याची टरफलं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत टॉवेल भरणाऱ्या गाडीत सुताचा पांढरा भुसा, गादीसारखा दाबून बसलेला. उसाच्या हंगामात पाचट. पाण्याचा प्रेशर थेट मारला तर पाती आडवी होतात. मागून पुढे, लांबून, हलक्या हवेने साफ करा. एअर फिल्टरसुद्धा कंपनीच्या किलोमीटरवर न जाता इथल्या धुळीवर बदला.

धुराचा रंग काही सांगतो का?

थोडंफार. लोडवर काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल तेवढंच: गळती, तुंबलेला फिल्टर, उघडा राहिलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). निळसर धूर, विशेषतः बराच वेळ आयडलवर उभं राहून निघताना, म्हणजे ऑइल जळतंय. बीएस-६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला काजळी अडवणारा फिल्टर, काळा धूर गिळून टाकतो, त्यामुळे मागून स्वच्छ दिसलं तरी फसू नका.

शिट्टी वाजते, ती चांगली की वाईट?

जी पहिल्यापासून वाजते ती टर्बोची. जी नवीन सुरू झाली आणि लोडवरच फुसफुसते ती गळतीची. सायरनसारखी वर चढत जाणारी किंचाळी आली तर गाडी थांबवा. ते बेअरिंग किंवा पातं घासतंय.

टर्बोसारखंच वाटणारं पण टर्बो नसलेलं काय असू शकतं?

क्लच. आरपीएम झरझर वाढतं पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. टर्बोच्या दोषात आरपीएमच वाढत नाही. एवढा फरक न कळल्याने क्लच प्लेटच्या गाडीला टर्बो बसवलेला मी पाहिलाय.

डिझेल फिल्टर. पावसाळ्यात पाण्यामुळे, एरवी गाळामुळे. चढावर दम, सपाटीला ठीक, अगदी टर्बोसारखं. फिल्टरखालचा पाण्याचा नट सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं.

डीपीएफ. शहरातच फिरणाऱ्या, सात रस्ता ते बाळे एवढंच चालणाऱ्या गाडीचा डीपीएफ तापतच नाही, काजळी जळत नाही. मग धूर मागे दाबला जातो आणि टर्बोचं चाक मोकळं फिरत नाही. कधीकधी फक्त मोहोळपर्यंत हायवेला एका लयीत चालवून आणली तरी गाडी सुधारते.

चिकटलेला ब्रेक. दहा किलोमीटर चालवून चारही हबजवळ हात न्या, लावू नका. एक बाजू भट्टीसारखी जाणवली की समजा.

दांड्यात किती खेळ चालतो?

वर-खाली थोडा असणारच, कारण दांडा ऑइलच्या थरावर बसतो आणि बंद गाडीत तो थर नसतो. पातं बाजूच्या भिंतीला टेकलं नाही पाहिजे, बस. आत-बाहेर, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेने, मात्र हाताला खेळ जाणवता कामा नये. पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या तर एअर फिल्टर सोडून धूळ आत गेलीय. तेव्हा फक्त टर्बो बदलून भागत नाही, धूळ कुठून येते ते शोधा.

कोणी म्हणतं स्टॉपर स्क्रू फिरवून पिकअप वाढवतो. फिरवू द्यायचा?

नाही. पट्ट्या जास्तीत जास्त किती मिटाव्यात हे तो स्क्रू ठरवतो आणि तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून लावलेला असतो. अर्धा आटा फिरवला की दोन दिवस गाडी पळते, तिसऱ्या दिवशी घाटात दाब जास्त होऊन लिंप मोडला जाते. मग तो माणूस फोन उचलत नाही. ईजीआरला पत्रा मारणं, डीपीएफ पोकळ करणं याचंही तेच. शिवाय ते कायद्यात बसत नाही.

शेवटी टर्बो खरंच गेला. नवीन बसवताना काय बघून घेऊ?

जुना कशाने मेला ते आधी. ऑइल न मिळाल्याने मेला असेल आणि ऑइलचा पाईप तोच ठेवला तर नवाही त्याच वाटेने जाणार. ऑइल यायच्या पाईपच्या बोल्टमध्ये काही गाड्यांना बारीक जाळी असते, ती तुंबते. पाईप नवीन घ्या, ऑइल आणि फिल्टर बदला, इंटरकूलरमधलं ऑइल व धातूचे तुकडे धुऊन काढा. ऑइलच्या पाईपच्या गॅस्केटला सिलिकॉन लावू देऊ नका; जास्तीचं आत जाऊन वाट बंद करतं. पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोच्या ऑइल यायच्या भोकात ऑइल ओतून दांडा हाताने फिरवायचा, आणि चालू केल्यावर काही मिनिटं नुसतं आयडल. नंतरही घाट चढून आल्या आल्या चावी काढू नका. एक-दोन मिनिटं चालू ठेवा, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो.

इंजिन आपोआप रेस होत गेलं आणि चावी काढली तरी बंद होईना. काय करायचं?

दुर्मिळ, पण जिवावरचं. टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत असतं, त्याला डिझेलची गरज नसते. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवा. हवेच्या पाईपवर हात कधीच ठेवू नका. जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा.

गॅरेजला येताना काय सांगू, म्हणजे लवकर सापडेल?

"पिकअप नाही" एवढ्यावरून कोणाला काही कळत नाही. वही ठेवा: दोष कुठे आला, किती माल होता, किती वाजता, ऊन होतं की पाऊस, चावी फिरवून गेला की आपोआप, आदल्या दिवशी गाडीचं काय केलं होतं.

एका यंत्रमागवाल्यांची गाडी तीनदा माझ्याकडून रिकाम्या हाताने परत गेली होती. दर वेळी सगळं नीट. चौथ्यांदा त्यांनी मुलाच्या शाळेच्या वहीची पाठची पानं फाडून आणली. सहा आठवडे, सहा नोंदी, सगळ्या सोमवारच्या, सकाळी नवाच्या आसपास, आणि अकरानंतर काही नाही. "अण्णा, रविवारी काय करता?" म्हटलं. "सुट्टी की. गाडी धुतो." कशी? "बॉनेट उघडून, प्रेशरने, चकाचक." बूस्ट सेन्सरचा कपलर काढला तर रबरी सील जागेवरून सरकलेलं आणि पिनांवर हिरवट बुरशी. रविवारचं पाणी आत जायचं, सोमवारच्या उन्हात अकरापर्यंत सुकायचं. पिना साफ केल्या, सील बदललं, तासाभरात गाडी दिली. आता अण्णा बॉनेट बंद ठेवून धुतात.